डावीकडची घडी

"हे कधीचं?" सर्जनबाईंनी विचारलं. त्यांचं बोट माझ्या डाव्या स्तनावर, गडद कातडी संपून साधी सुरू होते त्या कडेवर थांबलं होतं. त्याआधीची दहा मिनिटं त्या माझी मापं घेत होत्या. गळ्याच्या खळगीपासून इथपर्यंत, इथून तिथपर्यंत, उभं, आडवं. हातातल्या टेपचं टोक झिजलेलं होतं. शून्याची रेघ जवळजवळ पुसली गेली होती, म्हणजे प्रत्येक मापात मिलिमीटरभर चूक येत असणार; पण ती दोन्ही बाजूंना सारखीच येणार, आणि आम्हाला हवा होता तो दोन्हींतला फरक, म्हणून मी काही बोलले नाही. उजवीकडचं सगळं वयाप्रमाणे वाढलेलं. डावीकडे बाराव्या वर्षी जे होतं त्यापुढे फारसं काही झालेलं नाही. त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे पांढुरकी रेघ होती, नखाच्या चंद्राएवढी. "लहानपणी गळू झालं होतं," मी म्हटलं. "किती लहानपणी?" "अगदी लहान असताना. मला आठवत नाही." त्यांनी ती रेघ हलकेच दाबून पाहिली. "चिरा देऊन निचरा केलेला दिसतोय. जन्मल्यावर पहिल्या महिन्यातलं असेल, तर वाढ राहिली ती त्यामुळेच, बहुतेक. नवजात बाळाच्या छातीत कधी कधी दुधासारखं पाणी येतं, मुलगा असो की मुलगी. हात लावला नाही तर आपोआप जिरतं. पण घरातलं कुणीतरी ते दाबून काढायला जातं. मग पू होतो, चिरावं लागतं, आणि आतली कळी दुखावते ती कायमचीच. घाला कपडे."

मी कपडे घातले. बटणं लावताना बोटं नेहमीसारखीच चालत होती. बाहेरच्या बाकावर एक बाई गुडघ्यांवर पर्स ठेवून बसली होती, तिच्याकडे पाहून मी हसलेसुद्धा. मग जिना उतरले, रस्ता ओलांडला, आणि एका चपलांच्या दुकानाच्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिले. तेरा वर्षं मी या गोष्टीला योगायोग म्हणत आले होते. जगात नेमकं सममित असं काहीच नसतं, हे मी कॉलेजात शिकले होते आणि ते शिकताना मला मोठा दिलासा वाटला होता. कुठल्याही मोजमापात थोडा विखुरलेपणा असतो, कुणीतरी त्याच्या टोकाला पडणारच, ती मी. त्यात कुणाचा दोष नाही, आणि राग धरायलाही कुणी नाही. आता अचानक त्या योगायोगाला हात फुटले होते. घरातलं कुणीतरी, असं त्या म्हणाल्या होत्या. आमच्या घरात तेव्हा आई होती आणि बाबा होते, आणि बाबा मला उचलायलासुद्धा घाबरायचे, असं सगळे अजून सांगतात.

पहिली घडी मला तेराव्या वर्षी मिळाली. मिळाली म्हणजे सकाळी आंघोळ करून आले तर पलंगावर नवी ब्रा ठेवलेली होती आणि तिच्या डाव्या बाजूला आतून काहीतरी शिवलेलं होतं. हात लावून पाहिलं. मऊ, थोडंसं गुबगुबीत, कडेला जाड टाके. नंतर मला कळलं की बाबांच्या जुन्या कोटाच्या खांद्यातला फोम तिने काढला होता आणि तो दोन रुमालांत गुंडाळला होता. मी ती घातली. शाळेचा गणवेश वर चढवला. आरशात दोन्ही बाजू सारख्या होत्या, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी डबा न घेताच निघाले. आई दारापर्यंत धावत आली, डबा हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घडी बसली का नीट?" मी म्हटलं, "हो." या विषयावर आमच्यात झालेलं तेवढंच बोलणं. त्यानंतर दर सहा-आठ महिन्यांनी, न सांगता, घडी बदलत गेली. मी वाढत होते, उजवी बाजू वाढत होती, आणि आई कुठल्या तरी कोपऱ्यातून, भाजी निवडताना, पेपर वाचताना, ते मोजत असली पाहिजे. कारण तिचं माप कधी चुकलं नाही. शिवणात ती अगदीच बेताची. शाळेच्या ऑफिसात कारकून होती. फाइल लावावी तर तिनेच, पण सुई हातात घेतली की टाके वेडेवाकडे. तरी या घड्या तिने कधी शिंप्याकडे दिल्या नाहीत. त्या वाळायला दोन दिवस लागायचे. दोरीवर एकावर एक टॉवेल टाकून ती त्या वाळवायची, आणि बाबा म्हणायचे, या घरात टॉवेलच फार वाळत असतात बुवा.

नोकरीसाठी मी या शहरात आले तेव्हा बॅगेत अशा सहा होत्या. मी काम करते तिथे वजनं तपासली जातात. दुकानांतली, कारखान्यांतली, औषधाच्या कंपन्यांतली वजनं आमच्याकडे येतात; आम्ही ती आमच्या वजनांशी ताडून बघतो आणि दाखला देतो. खोलीचं तापमान दिवसभर एकच असतं. वजनाला उघडा हात लावायचा नाही, चिमटा वापरायचा. बोटाच्या तेलकटपणानेही आकडा हलतो. तराजूजवळ जोरात श्वास सोडायचा नाही. मला ती खोली पहिल्या दिवसापासून आवडली. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे आकड्याकडे बघतात. आमचे वरिष्ठ, ज्यांना सगळे पाठीमागे दशांश म्हणतात आणि ज्यांना ते माहीत आहे, त्यांनी मला पहिल्या महिन्यात एकदाच झापलं होतं. दहा रीडिंगांपैकी एक फारच बाजूला पडलं होतं म्हणून मी ते गाळलं. "का गाळलंत?" "चुकीचं वाटलं, सर." "वाटलं? न आवडलेलं रीडिंगसुद्धा रीडिंगच असतं, बाईसाहेब. लिहा ते." आता तीन आठवड्यांची रजा मागायला गेले तर त्यांनी चष्मा वर केला, अर्जातला 'शस्त्रक्रिया' हा शब्द वाचला, आणि बराच वेळ विचार करून म्हणाले, "टाके किती?" मी म्हटलं, माहीत नाही. "विचारून ठेवा. अंदाज असलेला बरा." त्यांच्याकडून माया एवढीच यायची, पण नेमकी यायची.

तयारीच्या त्या महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. आमच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाकडूनच होईल अशी. सर्जनबाईंनी सांगितलं होतं, "मोज्यात तांदूळ भरा, आत बसवायचंय तेवढेच, दोनशे दहा मिली, आणि दोन-चार दिवस घालून वावरून बघा. ओझं कसं वाटतं ते कळेल." मी घरी आले आणि सवयीने तराजू काढला. दोनशे दहा ग्रॅम तांदूळ, शेवटचा दाणासुद्धा मोजून. तीन दिवस ते घालून मी कामावर गेले, बसमध्ये उभी राहिले, जिने चढले. खांदे आपोआप मागे जात होते. एका दुकानात मी आरशासमोर विनाकारण थांबले. डावीकडचं किंचित जास्त दिसत होतं, पण ते मी तांदळावर ढकललं. चौथ्या दिवशी दात घासताना लक्षात आलं: मिली म्हणजेच ग्रॅम, हे पाण्याचं. तांदळाचे दोनशे दहा ग्रॅम अडीचशे मिलीहून जास्त जागा घेतात. म्हणजे तीन दिवस मी जे समान समजून मिरवत होते ते समान नव्हतंच, जास्त होतं. मी कपाने मोजून तांदूळ कमी केले, पुन्हा घातलं, आणि आरशात आता खरोखर दोन्हीकडे सारखं दिसत असताना मला चक्क हिरमुसल्यासारखं झालं. तासभर टिकलं ते. पण झालं होतं. सर्जनबाईंना मी हे सांगितलं नाही, इथे लिहितेय. मला वाटत आलं होतं की मला फक्त बरोबरी हवी आहे.

आईला फोनवर सांगितलं. मागे बाबांचा टीव्ही चालू होता. तिने बोलण्याचा आवाज खाली आणला. "दुखेल का गं?" "थोडे दिवस." "आणि आत घालतात ते कायमचं?" "दहा-पंधरा वर्षं तरी टिकतं. अधूनमधून तपासायचं." "अच्छा." मला वाटलं आता ती विचारेल, कशाला हवंय, कोण बघतंय, लग्नाचं काही ठरतंय का. त्या सगळ्यांची उत्तरं मी तयार ठेवली होती. ती म्हणाली, "मग घड्या नकोत आता." ते विचारणं नव्हतं. "नकोत," मी म्हटलं, आणि लगेच वाटलं की हा शब्द जरा हळू ठेवायला हवा होता, चिमट्याने. "मी येते," ती म्हणाली. "बाबांना छोटं ऑपरेशन म्हणून सांगते. ते खोलात जाणार नाहीत. त्यांना फक्त मी कधी परत येणार ते हवं असतं."

सर्जनबाईंचं ते वाक्य मी तिला सांगितलं नाही. त्याचंच ओझं होतं, ऑपरेशनचं नव्हतं. मी वाचायला लागले. अशा केसेसचे मोजकेच अहवाल होते. जे होते ते सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते. प्रश्न सरळ होता आणि मी तो दिवसातून वीसदा स्वतःपुढे मांडत होते. तिला माहीत असेल, तर तेरा वर्षं ती त्या टाक्यांत काय शिवत होती ते मला आता कळलं होतं. माहीत नसेल, तर तिला सांगणारी मी कोण? आणि तिने स्वतःहून विचारलं, तर? खोटं बोलले तर तिला बरं वाटेल, आणि मला माझी आई आयुष्यभर अर्धीच भेटत राहील. खरं बोलले, तर कदाचित तेवढीही भेटणार नाही. मी गर्दीत, लिफ्टमध्ये, रक्त द्यायला बाही वर करून बसलेली असताना मनातल्या मनात वाक्यं जुळवायची आणि मोडायची. नर्स म्हणाली, "मूठ घट्ट करा." मी केली. "अहो, सोडा आता. झालं केव्हाच."

आई आदल्या दिवशी आली. एका पिशवीत कपडे, दुसरीत उशा. स्वतःच्या घरच्या दोन उशा घेऊन ती सात तास प्रवास करून आली होती. "उताणं झोपायचं ना तुला? पाठीला टेकू लागतो. तुझ्याकडे एकच उशी, तीही पापडासारखी." सकाळी ऑपरेशनच्या आधी सर्जनबाईंनी मला उभं करून निळ्या पेनने रेघा काढल्या. थंड टोक कातडीवर फिरत होतं. आई खोलीच्या कोपऱ्यात खिडकीकडे तोंड करून उभी होती, शाळेत इंजेक्शनं देताना मुलं उभी राहतात तशी. मग छत सरकायला लागलं, दिवे एकेक करत मागे गेले, कुणीतरी म्हणालं, दहापासून उलटं मोजा. मी दहा, नऊ, आठ म्हटलं, आणि सातवर मला फार समाधान वाटलं, का ते आठवत नाही.

जाग आली ती तहानेने. मग छातीवर कुणीतरी जाड पुस्तक ठेवून वर हात दाबून धरलाय असं वाटलं. दुखणं म्हणावं तर तसं दुखत नव्हतं. आवळलेलं होतं. आतला स्नायू उचलून त्याच्याखाली जागा केलेली होती, आणि तो स्नायू त्याला न विचारता घरात पाहुणा आणल्यासारखा फुगून बसला होता. पहिले चार दिवस मी डाव्या हाताने काहीच करू शकत नव्हते. दार ढकललं की आत काहीतरी सरकायचं. बरणी उघडायची कल्पनासुद्धा दुखायची. मधूनच खालच्या कडेला विजेची बारीक चमक जायची. नसा जाग्या होताहेत, असं सर्जनबाई म्हणाल्या. आणि मधला एक पट्टा पूर्ण बधिर. तिथे बोट ठेवलं तर बोटाला कळायचं, मला नाही. मी दिवसातून तीनदा त्या बधिर पट्ट्याची हद्द तपासायची आणि वहीत लिहायची. आई म्हणाली, "ऑफिसात रजा टाकलीयस ना? मग इथे कशाला नोकरी?"

ती माझ्या एका खोलीच्या घरात सहज मावली. तिने भांडी उंचीप्रमाणे लावली, बिलांना टाचण्या मारल्या, गॅसचा पाइप बदलून घेतला. बाबांचा फोन रोज सातला यायचा. "जेवलात का?" "सात वाजता कोण जेवतं?" "बरं. मी जेवलो." आमच्या दोघींत बोलणं पुष्कळ व्हायचं, पण सगळं त्या आवळलेल्या जागेच्या कडेकडेने. सहाव्या दिवशी पट्टी काढली. सर्जनबाईंकडून घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "बघायचंय?" तिने हात पुसले. दोनदा पुसले. मी पुढून उघडणारी ती जाड ब्रा उघडली. सूज होती, कडेला पिवळं-जांभळं पडलं होतं, आणि डावी बाजू उजवीपेक्षा चांगलीच वर आणि मोठी दिसत होती. आईने फाइल तपासावी तसं पाहिलं. "डावा वर आहे." "बसेल खाली. दोन-तीन महिने लागतात." "आणि मोठाही आहे." "सूज आहे ती." ती विचारात पडली. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, "तोवर उजवीकडे एक घडी करून देऊ का?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मला हसू फुटलं, हसल्यावर कळ आली, कळ आल्यावर आणखी हसू आलं, आणि मी डावा हात छातीशी धरून "आई, नको, हसवू नकोस" असं ओरडत राहिले. तीही हसत होती. हसता हसता ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळली आणि तिकडेच तोंड करून नळ सोडून उभी राहिली, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

केस धुवायला मला दोन्ही हात वर नेता येत नव्हते. नवव्या दिवशी दुपारी तिने मला मोरीत स्टुलावर बसवून केस धुतले, पंच्याने खसाखसा पुसले आणि मग खिडकीजवळच्या उन्हात खाली बसवलं. ती मागे खुर्चीवर बसली. तिचे गुडघे माझ्या खांद्यांना लागत होते. कंगवा टोकांपासून वर वर येत होता. ती गुंता सोडवते तेव्हा मुळाशी दुसऱ्या हाताने केस धरून ठेवते, ओढ डोक्यापर्यंत पोचू देत नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरं कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं.

"डॉक्टरीणबाई काही म्हणाल्या का?" ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"कशामुळे झालं ते."

तिने किती सहज विचारलं! दूधवाला येऊन गेला का, असं विचारावं तसं. माझ्या खांद्यांना मात्र तिचे गुडघे एकदम ताठ झालेले कळले. मी सगळी जुळवलेली वाक्यं शोधली. एकही जागेवर नव्हतं.

"म्हणाल्या," मी म्हटलं.

कंगवा थांबला नाही.

"व्रण पाहिला त्यांनी. पहिल्या महिन्यातलं गळू असेल तर त्यामुळेच, बहुतेक, असं म्हणाल्या."

"बहुतेक?"

"अगदी खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण मी वाचलं नंतर. मलाही तसंच वाटतं."

"म्हणजे माझ्यामुळे."

खालची गाडी थांबली होती. मी उन्हात धुळीचे कण पाहत होते. "हो," मी म्हटलं.

केसांच्या त्याच बटेवरून कंगवा पुन्हा पुन्हा फिरत राहिला, गुंता केव्हाच सुटला होता. मी मान वळवायला गेले तर तिने डोक्यावर हात ठेवून ती सरळ केली. "तशीच बस. तोंड तिकडेच असू दे." तिचा आवाज रडका नव्हता. उलट जरा चिडका होता, ऑफिसात कुणी कागद इकडचा तिकडे केला की व्हायचा तसा. "तुझे बाबा म्हणाले, तुझा काय दोष. माझी आई म्हणाली, असतं एकेकीचं तसं. ज्या डॉक्टरने चिरा दिला तोही म्हणाला, होतं असं, रडू नका. सव्वीस वर्षं झाली. मी तोंड उघडलं की सगळे मिळून मला गप्प करायचे. चांगुलपणाने करायचे, पण गप्पच करायचे ना? काय झालं होतं, हे मला एकाने कधी विचारलं नाही."

"काय झालं होतं?"

तिने श्वास घेतला. मग सांगायला लागली, आणि सांगताना पुन्हा केस विंचरायला लागली. मी वीस दिवसांची होते. शेजारी एक बाई राहायच्या, त्यांची चार मुलं. आईचं पहिलंच बाळंतपण. छातीला गाठीसारखं लागतंय म्हणून तिने त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, दूध आहे ते, दाबून काढ, नाहीतर धरून बसेल. सकाळची वेळ होती. बाबा कामावर गेले होते. "मी हात धुतले," आई म्हणाली. "साबणाने. दोनदा. तेवढं मला कळत होतं."

"किती वेळा दाबलंस?"

"तीनदा. तिसऱ्यांदा टचकन आलं, पांढरं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जमलं आपल्याला, असं वाटलं. मग तू जे रडायला लागलीस..."

"मग?"

"मग उचललं. खांद्यावर घेऊन फिरले. या खोलीतून त्या खोलीत."

माझ्या डाव्या कडेला विजेची ती चमक येऊन गेली. मी ती जाऊ दिली. "आणि उजवीकडे?" मी विचारलं.

कंगवा थांबला.

"उजवीकडेही करायचं होतं. त्या म्हणाल्या होत्या, दोन्हीकडे कर. करणारच होते मी." तिचा तळवा माझ्या ओल्या डोक्यावर तसाच टेकलेला होता. "पण तू खांद्यावरच झोपलीस. म्हटलं, राहू दे आता. झोपलेल्या बाळाला कोण उठवतं?"